मातेचे सहकार्य

"कोपर बरगडीला टेकवून ठेवायचं आणि पंजा हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायचा. खांद्यातून फिरला पाहिजे," व्यायामाचे डॉक्टर म्हणाले. "हं, आता तुम्ही करा."

चटईवर बसलेल्या बाईनं आपल्या बाळाचा उजवा हात धरला. धरला म्हणजे काय, दोन बोटांच्या चिमटीत मनगट घेतलं आणि ते जरा हललं न हललं तोच सोडून दिलं. बाळ मजेत होतं. पाच महिन्यांची गुटगुटीत पोर, स्वतःचा डावा पाय तोंडात घालायच्या उद्योगात होती.

"रडली," बाई म्हणाली.

"कुठं रडली? हसतेय ती."

"रडेल आता."

डॉक्टर तरुण होते आणि फार सोशिक होते. त्यांनी पुन्हा करून दाखवलं, बाईनं पुन्हा चिमटीनं केलं, आणि शेवटी त्यांनी स्वतःच पंधरा वेळा मोजून व्यायाम उरकला.

हे सगळं सिस्टर दारात उभी राहून बघत होती. हातात एक फाईल होती. लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरचं व्यायामाच्या खोलीत खरं तर काहीच काम नव्हतं. पण गेले चार महिने दर मंगळवारी साडेदहाच्या सुमारास कुठली ना कुठली फाईल तळमजल्यावर पोचवायची निघायचीच, आणि ती शिपायाकडून पाठवणं तिला काही केल्या पटायचं नाही. डॉक्टरांनी सुरुवातीला एकदोनदा "काही हवंय का, सिस्टर?" असं विचारलं. मग विचारणं सोडून त्यांनी दाराशी एक स्टूल ठेवून दिलं. ती त्याच्यावर कधी बसली नाही.

"या ना सिस्टर, आत या!" बाईचं लक्ष गेलं. "पैलवान, बघ कोण आलंय! कोणी आणलं गं तुला ह्या जगात? ह्यांनी."

पैलवाननं पाय तोंडातून काढून सिस्टरकडे पाहिलं आणि डावा हात उंच केला. उजवा कोपरात दुमडला आणि तिथंच थांबला. सिस्टर हसली. हसायच्या जागी हसणं तिला अजून जमत होतं.

सव्वीस वर्षं तिनं पोरं झेलली होती. जन्माला येणं ही काही अलगद होणारी गोष्ट नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वाट अरुंद, पाहुणा मोठा, आणि दोघांनाही घाई. कुणाच्या डोक्यावर सूज येते, ती दोन दिवसांत बसते. कुणाला एकाच बाजूला मऊ टेंगूळ येतं, हाडाच्या वर रक्त साकळलेलं. ते दाबायचं नाही, फोडायचं नाही, महिन्यादोन महिन्यांत आपोआप विरतं. चिमटा लावून काढलेल्या बाळाचं तोंड कधीकधी रडताना एका बाजूला ओढलं जातं, कारण गालावरची नस दबलेली असते. गळ्याजवळचं हाड मोडतं, तेही तीन आठवड्यांत जुळून येतं आणि वर सुपारीएवढी गाठ ठेवून जातं. घाबरून विचारणाऱ्या प्रत्येक आईला ती एकच शब्द सांगायची: "जाईल." आणि जायचंही. तिच्या पाठीमागं वॉर्डातल्या सगळ्या मावश्या तिला जाईलबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं.

मग पाच महिन्यांपूर्वी पैलवान आली.

त्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी डोकं बाहेर आलं, आणि कासवानं मान आत घ्यावी तसं पुन्हा मागं सरून घट्ट बसलं. म्हणजे खांदा आईच्या हाडामागं अडकला. हे लक्षण तिला झोपेतसुद्धा ओळखता आलं असतं. दर वर्षी नव्या मुलींना ती कापडी बाहुली घेऊन हेच शिकवायची. हाक मारा, घड्याळ बघा, आईचे दोन्ही गुडघे तिच्या छातीशी न्या, ओटीपोटाच्या हाडावरून दाबा, तरी नाही सुटलं तर आत हात घालून मागचा हात आधी काढा. पण ओढू नका. मान आणि खांदा ह्यांच्यामधून हाताच्या नसा जातात, त्या सुतळीसारख्या नसतात. "हात शिवशिवायला लागले तर पाठीमागं बांधून घ्या," ती म्हणायची, आणि मुली खिदळायच्या.

बाळंतपणाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनला होते. तिनं हाक मारली. खोलीत ती आणि एक मावशी. मावशी आईचा गुडघा पकडायला धडपडत होत्या. बाळाचा चेहरा जांभळा व्हायला लागला होता, आणि तिच्या हातांनी ते डोकं धरून ओढलं. एकदा. मग मान खाली वाकवून आणखी एकदा, जास्त जोरानं.

"सिस्टर, गुडघे! गुडघे राहिले!" मावशी ओरडल्या.

तेव्हा ती भानावर आली. गुडघे वर गेले, मावशींनी दाबलं, खांदा निसटला. दोन वाजून तेरा मिनिटं. चार किलो चारशे ग्रॅम. "अगं बाई, पैलवान झालाय की," मावशी म्हणाल्या, आणि मुलगी आहे हे दिसल्यावरही नाव तेच राहिलं.

नवीन बाळाला जरासं दचकवून बघायची रीत असते. दचकलं की दोन्ही हात फाकून वर उडायला हवेत. पैलवानचा डावा उडाला. उजवा अंगाशी पडून राहिला, पंजा मागं वळलेला. सिस्टरनं पुन्हा दचकवलं. पुन्हा तेच. टेबलावरची आई घामानं निथळत होती, हसत होती, आणि म्हणत होती, "सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू?"

त्यानंतर सिस्टरला काही वाटेनासं झालं. दुःख झालं असतं तर बरं, दुःखाशी माणूस भांडू तरी शकतो. हे म्हणजे दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि ओठ आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. काम चोख चाललं होतं. पोरं येत होती, ती झेलत होती, नाळ कापत होती, आयांना चहा देववत होती. मावश्यांनी मात्र आपापसांत नोंद घेतली होती की, जाईलबाई हल्ली "जाईल" म्हणत नाहीत.

त्या मंगळवारी बाई गेल्यावर डॉक्टरांनी सिस्टरला थांबवलं.

"कोपर सुधारलंय बघा. अकराव्या आठवड्यात वाकायला लागलं, म्हणजे नस तुटलेली नव्हती, ताणली गेली होती. तिसऱ्या महिन्यापर्यंत वाकलं नसतं तर मी तिला नसेच्या ऑपरेशनला पाठवली असती. तिथून आपण सुटलो."

"मग?"

"मग काय, खांदा आखडतोय. आठवड्यातून एकदा मी करून काय उपयोग? दिवसातून दहा वेळा व्हायला हवं, प्रत्येक लंगोट बदलताना. ही बाई हात लावत नाही त्या हाताला. असंच चाललं तर नस सुधारेल आणि सांधा जाम होऊन बसेल. मग वर्षभरात सुरी लागणारच. मी समजावून थकलो, सिस्टर. तुमचं ऐकेल ती. तुम्हाला देव मानते."

सिस्टर बाहेर आली. बाई औषधांच्या खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, उजवा हात दोन घड्यांच्या आत नीट झाकलेला, काचेची वस्तू बांधतात तसा.

"व्यायाम का करत नाही घरी?" सिस्टरनं विचारलं.

"करते की."

"खरं सांगा."

बाईनं इकडंतिकडं पाहिलं. "भीती वाटते हो. एकदा मोडलाय माझ्यामुळं. परत काही झालं तर?"

"तुमच्यामुळं? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवंय, लिहिलंय ना." तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं. पाकीट स्वच्छ होतं, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. "हे बघा, खाली. 'मातेचे सहकार्य मिळाले नाही.' मी दहावी शिकलेय, सिस्टर, मला अर्थ कळतो त्याचा. आमच्या घरात सगळ्यांनी वाचलंय. नणंदेनं तर दोनदा वाचलं, मोठ्यानं."

सिस्टर त्या ओळीकडे पाहत राहिली. कार्डावर उतरवून घेणाऱ्या कारकुनाचं अक्षर होतं, पण वाक्य तिचं होतं.

"मला तसं धड आठवत नाही," बाई सांगत होती. "ओरडत होते एवढं आठवतं. तुम्ही जोर लावा म्हणालात तेव्हा मी लावला नसणार. किंवा नको तेव्हा लावला असणार. सासूबाई म्हणतात, एकदा केलंस तेवढं पुरे, आता त्या हाताला तू शिवू नकोस. आंघोळ त्याच घालतात. बरोबर आहे त्यांचं. तुम्ही होतात म्हणून निदान जीव वाचला."

इथं सिस्टरनं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही तिनं. "असं काही नसतं," एवढं म्हणाली, "व्यायाम करा," म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.

वरच्या मजल्यावर तिला आठवलं, ते वाक्य तिनं कधी लिहिलं. त्या दिवशी तीन वाजता, हात धुऊन, टेबलाशी बसून. "खांदा अडकला. गुडघे छातीशी, ओटीपोटावर दाब. बाळ बाहेर २.१३. उजव्या हाताची हालचाल नाही." हे लिहून झालं आणि पेननं आपलं आपण पुढं लिहिलं, "मातेचे सहकार्य मिळाले नाही." खोटं बोलायचं म्हणून नव्हे. अर्जाच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहितात तसं. टाके जास्त पडले, लिही. वेळ लागला, लिही. बाळ उशिरा रडलं, लिही. ती नवीन होती तेव्हा तिच्या वरच्या सिस्टर लिहीत, म्हणून तिनं लिहिलं, आणि आता तिच्या हाताखालच्या मुली लिहीत. ज्या बाया टेबलावर आडव्या पडल्या होत्या त्यांनी काय सहकार्य करायचं राहिलं होतं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

घरी तिची थोरली बहीण असे. दोघी बहिणींचं बिऱ्हाड होतं. ताईचा नवरा गेल्याला बारा वर्षं झाली होती आणि धाकटीनं लग्न केलंच नव्हतं. ताई घरीच कपडे शिवायची आणि दिवसभराचं साठवलेलं बोलणं संध्याकाळी धाकटीवर रिकामं करायची.

"चहा कसा झालाय?" ताईनं विचारलं.

"छान."

"संपवलास?"

"हो. का?"

"साखरेच्या जागी मीठ पडलंय त्यात. मी एक घोट घेऊन ओतून दिला." ताईनं मशीन थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "भरलेला कप प्यायलीस, बाई. माझ्या हातचं खाऊन आधी नाक मुरडायचीस, आता मीठ घातलेला चहा छान म्हणतेस. काय चाललंय तुझं?"

तेव्हा तिनं सांगितलं. सगळं, घड्याळातल्या मिनिटांसकट, बाजारहाटाची यादी सांगावी तशा आवाजात. ताई मध्ये बोलली नाही, आणि ही ताईच्या बाबतीत फार मोठी गोष्ट होती.

"पोरगी वाचली ना पण?" शेवटी ती म्हणाली.

"वाचली."

"मग तू एवढी..."

"ताई, ओढलं त्याचं मी करीन काहीतरी. तिथं जीव जात होता, हात चुकले. पण नंतर तीन वाजता कुणाचा जीव जात नव्हता. मी खुर्चीत बसले होते. चहा आला होता. आणि मी त्या बाईच्या माथी मारून मोकळी झाले. आता ती पोरीला हात लावत नाही आणि पोरीचा खांदा आखडतोय."

"तुला रडू नाही येत?"

"नाही गं."

"यायला हवं," ताई म्हणाली, आणि उठून दुसरा चहा टाकायला गेली. मिठाच्या आणि साखरेच्या दोन्ही डब्यांना तिनं त्याच संध्याकाळी चिठ्ठ्या चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मेट्रनच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मेट्रन तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या; दोघींनी एकत्र रात्रपाळ्या काढल्या होत्या. मेट्रननी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"बस आधी. आणि मला सांग, ते वाक्य कुणी वाचतं का? मी स्वतः हजार वेळा लिहिलं असेल."

"तिनं वाचलंय."

"मग जा तिच्याकडे. हात धर, तोंडी सांग, चूक झाली म्हण. दोघी रडा थोड्या. कागदाला कशाला हात लावतेस?"

"तिच्या घरात सगळ्यांनी कागद वाचलाय. मी तिच्या कानात सांगितलं तर घरी जाऊन ती कुणाला पटवणार? कागदाला कागदच लागतो."

मेट्रननी पेपरवेट फिरवला. "चौकशी लागेल. 'मी ओढले' असं आपल्या सहीनं लिहून देणारी तू पहिली असशील. लेबर रूम सोडावी लागेल. चौकशीपुरती. आणि आपल्याकडची चौकशी किती चालते, तुला माहितेय."

"माहितेय."

"दुसरं काय येतं तुला, सव्वीस वर्षांत?"

"काही नाही."

"भीती नाही वाटत?"

सिस्टरनं प्रामाणिकपणे आत चाचपून पाहिलं. भीती नव्हती. शौर्यही नव्हतं, ते तिला मुद्दाम सांगावंसं वाटलं. उगाच मेट्रनचा गैरसमज व्हायला नको. "मला पाच महिने काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली. "तेवढ्यात करून टाकते. नंतर वाटायला लागलं तर जमायचं नाही."

रेकॉर्डच्या खोलीत कारकुनानं केस पेपर काढून दिला. नियम तिला पाठ होता: जुनं वाक्य खरवडायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही, त्याच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे काय होतं ते वाचता येतं, आणि खाली नवीन लिहून तारीख, वेळ, सही. तिनं पट्टी मागून घेतली. रेघ मारली. खाली लिहिलं: "माता सांगितल्याप्रमाणे सर्व करत होती. गुडघे वर घेण्यापूर्वी मी बाळाचे डोके धरून दोनदा ओढले." अक्षर नेहमीसारखंच आलं, वळणदार. शाळेत तिला अक्षराचं बक्षीस मिळालं होतं. कारकुनानं ते दोनदा वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नव्या कार्डावर उतरवून शिक्का मारला.

जिन्यात पैलवानच्या वेळच्या मावशी भेटल्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. मावश्यांना कळायला कागद लागत नाही.

"मला विचारलं तर मी काही पाहिलंच नाही म्हणेन हं," मावशी हळूच म्हणाल्या. "माझं लक्ष गुडघ्याकडे होतं."

"पाहिलंत ते सांगा, मावशी."

"तुमचं वाईट होईल."

"होऊ द्या. तुम्ही ओरडला नसतात तर मी तिसऱ्यांदा ओढलं असतं. तेही सांगा."

मावशींनी पायरीवर बादली ठेवली, नाक पुसलं, बादली उचलली आणि वर निघून गेल्या.

पुढच्या मंगळवारी सिस्टरच्या हातात फाईल नव्हती. तिनं निरोप देऊन सासूबाईंनाही बोलावून घेतलं होतं. आजी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, कोरड्या, नीटनेटक्या, कुठं जायचं तर वेळेआधी पोचणाऱ्या बाईसारख्या. पैलवान चटईवर उघडी पडून छताशी गप्पा मारत होती. आई तिच्याजवळ बसली होती, हात मागं ठेवून.

"नवीन कार्ड आणलंय," सिस्टर म्हणाली. "जुन्यात चूक होती. आजी, तुम्ही वाचा."

"चष्मा घरी राहिला."

"मग मी वाचते."

तिनं वाचलं. दोन ओळी होत्या, वाचायला असा किती वेळ लागणार? डॉक्टर भिंतीशी उभे होते, ते आणखी भिंतीकडे सरकले.

"परत वाचा," आई म्हणाली.

तिनं परत वाचलं.

"ओढलं म्हणजे तुम्ही ओढलं."

"हो."

"मी नाही काही केलं."

"तुम्ही सगळं बरोबर केलं होतं. थांबा म्हटलं की थांबत होतात, जोर लावा म्हटलं की लावत होतात. एवढं नीट ऐकणारी बाई क्वचित मिळते. तुमच्यामुळं तीन मिनिटांत सुटली ती."

"मग असं का लिहिलं होतंत?"

ह्या प्रश्नाची तयारी तिनं आठवडाभर केली होती; त्यातलं एकही वाक्य तिनं वापरलं नाही. "सवय," ती म्हणाली. "आम्ही लिहितो तसं. विचार न करता."

"सवय," आई म्हणाली. "पाच महिने मी हिला पाजायला घेतली की आधी बघते, उजव्या बाजूला माझा हात लागत नाही ना. पाच महिने. मी माझ्या पोरीला घाबरते. आणि रोज सकाळी तुमचं नाव घेते. तुमचं!"

"अगं, जाऊ दे आता," आजी खुर्चीतून म्हणाल्या. "झालं ते झालं. बाईंनी कबूल केलंय ना मोठ्या मनानं. चुका काय माणसाकडून—"

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली.

आजी गप्प बसल्या. बहुधा पहिल्यांदाच सुनेनं त्यांना असं सांगितलं असावं, कारण त्या रागावल्यासुद्धा नाहीत, नुसत्या पिशवीचे बंद सारखे करत राहिल्या.

आई पुढं सरकली. मागं ठेवलेले हात तिनं पुढं घेतले. एका पंजानं पैलवानचा खांदा चटईला दाबून धरला, दुसऱ्यानं उजवा दंड कोपराजवळ पकडला, पूर्ण मुठीत, आणि वर न्यायला लागली. "किती न्यायचा?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"कानाला लागेपर्यंत. सावकाश. अडलं की तिथं थांबायचं, दहा आकडे मोजायचे, मग पुढं."

अर्ध्यावर हात अडला. पैलवानचा चेहरा आक्रसला आणि तिनं भोकाड पसरलं. आई थांबली, दहा आकडे मोजले, पुढं गेली. पुन्हा अडला. पुन्हा मोजले. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि आवाज मात्र शाळेतल्या बाईंसारखा खणखणीत होता. सहा, सात, आठ. शेवटी दंड कानाला टेकला नाही, चार बोटं उरली. डॉक्टर म्हणाले, "आज एवढं पुष्कळ झालं."

"घरी दहा वेळा?"

"दहा वेळा."

"करीन," ती म्हणाली.

मग तिनं झबलं उचललं. दुखऱ्या हाताचं झबलं घालायची एक पद्धत असते: आधी तो हात बाहीत घालायचा, मग चांगला, म्हणजे दुखरा ओढावा लागत नाही. आई घाईत होती, पोर आकांत करत होती, बाही उलटी झाली होती. सिस्टर सवयीनं खाली बसली आणि बाही सुलटी करून द्यायला तिनं हात पुढं केले. सव्वीस वर्षांत त्या हातांना कुणी अडवलं नव्हतं.

"तुम्ही नको," आई म्हणाली.

आवाज चढवून म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, आणि बाही स्वतः सुलटी केली, उजवा हात आधी घातला, मग डावा, मग गुंड्या लावल्या.

सिस्टरनं हात मागं घेतले. ते तिला लागलं, चांगलंच लागलं, आणि ओठ थरथरायला लागले. ते आपले आहेत हे तिला स्पष्ट कळत होतं. खाली बसल्या जागी तिला रडू फुटलं. तिनं तोंड फिरवलं, पण लपवण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टर पुढं आले, तिनं मान हलवून त्यांना नको म्हटलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

आईनं पैलवानला खांद्यावर घेतलं, दुपटं काखेत मारलं, नवीन कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवलं. जुनं तिनं फेकलं नाही, त्याच्याच मागं ठेवलं. तिचे दोन्ही हात गुंतले होते आणि त्या खोलीचं दार जड, आपोआप मिटणारं होतं. सिस्टरनं पुढं होऊन ते उघडलं आणि धरून ठेवलं. आई बाहेर पडली, तिनं वर पाहिलं नाही. आजींचे गुडघे दुखत होते, त्यांना यायला वेळ लागला. त्या बाहेर जाईपर्यंत सिस्टर दार धरून उभी राहिली.